राजकुमार हिरानी : एक नागपूरकर दिग्दर्शक आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात व विद्यार्थी गुणगौरव समारंभात प्रतापनगर येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस भाषणासाठी निमंत्रण दिले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हे आमच्यावरच सोपविले होते. गुणगौरवाच्या दिवशी शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे अभ्यास, शिस्त आणि परिश्रम यांवर चार शब्द सांगावयाचे, अशी आपणा सर्वांची अपेक्षा असणार. आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही तेच सांगत आलो. आज मात्र आम्ही एका चित्रपट दिग्दर्शकाविषयी बोलणार आहो. एका म्हाताऱ्या मास्तरास ही उतारवयात कसली हौस सुटली, असे कोणाच्या मनात आल्यास त्यात त्यांचा दोष नाही. परंतु शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती. विषय चित्रपटाचा दिसला तरी तो आपल्या घरांतलाच आहे.

हे दिग्दर्शक म्हणजे श्री. राजकुमार हिरानी. त्यांचा जन्म 20 नोव्हेंबर 1962 रोजी आपल्या नागपुरातच झाला. शालेय शिक्षण येथील सेंट फ्रान्सिस डी'सेल्स शाळेत झाले आणि पुढे त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. म्हणजे ज्या रस्त्यांनी आपण बाजारहाट करतो, त्याच रस्त्यांनी हे गृहस्थ सायकलीवरून कॉलेजात गेले असतील. वयाने ते आमच्याहून लहान. पुढे त्यांनी हिंदी चित्रपटसृष्टीत जे नाव मिळविले ते आपण जाणताच. तथापि ते कोणत्या घरातून आणि कोणत्या वाटेने तेथवर पोचले, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. आम्हांस तो भाग त्यांच्या कीर्तीहून अधिक मोलाचा वाटतो.

हिरानी कुटुंब मूळचे सिंध प्रांतातले. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि लक्षावधी सिंधी बांधव घरदार, शेती, दुकाने सोडून नेसत्या वस्त्रानिशी इकडे आले. त्यांपैकी अनेकांना नागपूरने आसरा दिला. उत्तरेकडे जरीपटका वसला. आपल्या प्रतापनगराच्या शेजारी खामल्यात जी सिंधी कॉलनी आहे, तिच्याशी आपला व्यवहार नित्याचाच आहे. राजकुमार यांचे वडील सुरेश हिरानी हे पोरवयातच फाळणीच्या लोंढ्याबरोबर इकडे आले, आणि पुढे त्यांनी नागपुरात टंकलेखनाची म्हणजे टायपिंगची संस्था चालविली.

टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागेल. आमच्या पिढीस नाही. मॅट्रिक झालेला मुलगा पुढे काय करतो, या प्रश्नाचे त्या काळी एक ठरलेले उत्तर होते : ‘टायपिंगला जातो.’ एका खोलीत ओळीने मांडलेली यंत्रे, त्यांची एकसारखी खडखड, बोटांना लागलेली फितीची शाई, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीस शब्दांची, आणि ते प्रमाणपत्र हाती पडले की कचेरीत कारकुनाची जागा. शेकडो गरीब घरांची चूल या खडखडाटावर पेटली. आम्हीही मॅट्रिक होऊन असेच यंत्रापुढे बसलो होतो; अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून सुटलो. अशी संस्था चालविणाऱ्या गृहस्थास नोकरीची किंमत पुरती ठाऊक असणार, हे उघड आहे. ज्याने आपले गाव एकदा गमावले, तो मुलाच्या पायाखाली पक्की जमीन असावी असे म्हणणारच. राजकुमारने अभियंता व्हावे, ही त्याच्या आईवडिलांची इच्छा होती, आणि तीत काही वावगे नव्हते. आपल्यापैकी कोणाची इच्छा याहून निराळी आहे?

मुलाचे मन मात्र नाटकात होते. कॉलेजच्या दिवसांत ते हिंदी रंगभूमीवर रमले. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मित्रांसाठी ते नाटके लिहून देत. त्या मित्रांच्या संगतीत त्यांनी डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे जग जवळून पाहिले. पुढे वीस वर्षांनी त्याचा उपयोग कसा झाला ते ओघाने येईलच.

आता मुख्य गोष्ट ऐकावी. मुलाचा ओढा पाहून वडिलांनी काय केले? त्यांनी रागे भरून टायपिंगच्या यंत्रापुढे बसविले नाही. त्यांनी मुलाची छायाचित्रे काढवून घेतली आणि त्यास मुंबईच्या एका अभिनय शाळेत धाडले. मुलगा तेथे रमला नाही. अवघ्या तीन दिवसांत तो नागपुरास परत आला. पैसे गेले, चार लोकांत हसे झाले असेल. अशा वेळी आपण काय म्हटले असते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा. ‘झाली हौस? आता गुमान दुकानात बस,’ हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. सुरेश हिरानींनी दुसरी वाट दाखविली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज कर, असे त्यांनी सुचविले. अभिनयाचा अभ्यासक्रम तेव्हा बंद झाला होता; दिग्दर्शनासाठी अर्जांची गर्दी मोठी. म्हणून त्या तरुणाने संकलन हा विषय घेतला, त्यास प्रवेश मिळाला आणि पुढे शिष्यवृत्तीही मिळाली.

पुण्याच्या या संस्थेविषयी दोन शब्द सांगणे येथे अस्थानी होणार नाही. 1960 साली केंद्र सरकारने ती स्थापन केली ती प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि 1933 साली पुण्यास आलेली ही कंपनी मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय होय. व्ही. शांताराम यांनी त्याच आवारात ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे बोलपट काढले. हिंदीत तेच अनुक्रमे ‘दुनिया न माने’, ‘आदमी’ आणि ‘पडोसी’ झाले. जरठ-कुमारी विवाह, पतितेचे दुःख, हिंदु-मुसलमानांतील दुरावा, असे जड विषय त्यांनी सामान्य प्रेक्षकास रुचतील अशा रीतीने मांडले. लोकांनी तिकीट काढून यावे, हसावे, रडावे, आणि घरी जाताना एक प्रश्न बरोबर न्यावा, ही प्रभातची परंपरा. त्याच आवारात शिकून बाहेर पडलेल्या हिरानींच्या चित्रपटांत आम्हांस तीच परंपरा पुढे चाललेली दिसते.

संकलन म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. त्यांतील कोणता तुकडा ठेवावा, कोणता टाकावा, कोणता कोणापुढे जोडावा, हे संकलक ठरवितो. हे काम पडद्यामागचे. प्रेक्षकास ते जाणवू नये यातच त्याचे यश. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यावरही हिरानींस लगोलग मोठी कामे मिळाली नाहीत. त्यांनी अनेक वर्षे जाहिरातपटांत काढली. फेव्हिकॉलच्या एका गाजलेल्या जाहिरातीत तर ते स्वतः पडद्यावर दिसले. विधु विनोद चोप्रा यांच्या ‘1942 : अ लव्ह स्टोरी’ या चित्रपटाच्या जाहिरातीच्या फिती त्यांनी जोडल्या, आणि 2000 साली आलेल्या ‘मिशन कश्मीर’चे संकलन केले. स्वतःचा पहिला चित्रपट आला तेव्हा त्यांचे वय 41 वर्षांचे होते. बारावीच्या निकालाबरोबर मुलाच्या भवितव्याचाही निकाल लागला, असे मानणाऱ्या आईबापांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तो पहिला चित्रपट म्हणजे 19 डिसेंबर 2003 रोजी प्रकाशित झालेला ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’. मुंबईचा एक गुंड वडिलांच्या समाधानासाठी डॉक्टर असल्याचे सोंग करतो, सोंग उघडे पडते, आणि वडिलांचा अपमान झाला म्हणून तो लबाडीने का होईना वैद्यकीय महाविद्यालयात शिरतो, अशी ही कथा. नागपूरच्या त्या वैद्यकीय मित्रमंडळींत घालविलेले दिवस येथे कामी आले असणार, हे सांगावयास नको. रुग्ण मरणाच्या दारी असताना आधी कागद भरणे आवश्यक आहे काय, असा प्रश्न हा अडाणी गुंड पहिल्याच तासाला विचारतो. पुसलेली फरशी तुडवून जाणाऱ्यांवर करवादणाऱ्या म्हाताऱ्या सफाई कामगारास तो मिठी मारतो, आणि त्या म्हाताऱ्याचा राग क्षणात विरघळतो. वडिलांच्या भूमिकेत सुनील दत्त आणि मुलाच्या भूमिकेत त्यांचेच पुत्र संजय दत्त होते. सुनील दत्त यांची ही अखेरची मोठी भूमिका ठरली; 2005 साली ते निवर्तले.

या चित्रपटाचा शेवट आपण नीट आठवावा. नायक डॉक्टर होत नाही. त्यास पदवी मिळत नाही. तो महाविद्यालय सोडून जातो. तरीही तो हरला असे प्रेक्षकास वाटत नाही. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

दुसरा चित्रपट 1 सप्टेंबर 2006 रोजी आला : ‘लगे रहो मुन्नाभाई’. यात त्याच गुंडास महात्मा गांधी दिसू लागतात. गांधींची भूमिका आपल्या दिलीप प्रभावळकरांनी केली आणि त्या वर्षीचे सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांस मिळाले. ‘गांधीगिरी’ हा शब्द या चित्रपटामुळे घरोघरी गेला. आपल्या नागपुराहून सेवाग्राम अवघे पाऊणशे किलोमीटर. 1936 पासून गांधीजी तेथे राहिले. शाळेच्या सहलींबरोबर आम्ही कितीदा तरी बापूकुटीसमोर मुलांस रांगेत उभे केले. मुले जांभया देत. नागपूरच्याच एका मुलाने अडीच तासांच्या गमतीच्या चित्रपटातून जे साधले, ते आम्हांस तितक्या सहलींतून साधले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

शिक्षक या नात्याने या चित्रपटातील दोन प्रसंग आमच्या मनात घर करून राहिले आहेत. पहिला असा. नायकास गांधी दिसतात ते केव्हा, तर तो वाचनालयात रात्रंदिवस बसून गांधीवाङ्मय वाचतो त्यानंतर. आणि पुढे भरसभेत उघड होते की, हे गांधी त्यास तेवढेच सांगू शकतात जेवढे त्याने स्वतः वाचलेले आहे. वाचनाचे महत्त्व आणि मर्यादा इतक्या सोप्या रीतीने सांगितलेली आम्ही अन्यत्र पाहिली नाही. दुसरा प्रसंग एका वृद्धाचा. निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी लाच मागणाऱ्या कारकुनापुढे तो आपल्या अंगावरील एकेक वस्तू, मग एकेक वस्त्र काढून ठेवतो. चित्रपटगृहात लोक हसत होते. आमच्या बाकावर आम्ही तीन निवृत्त शिक्षक होतो. आम्हांस हसू आले नाही.

25 डिसेंबर 2009 रोजी तिसरा चित्रपट आला, ‘थ्री इडियट्स’. चेतन भगत यांच्या 2004 सालच्या इंग्रजी कादंबरीवर तो सैलपणे आधारलेला आहे. कथालेखनात ‘लगे रहो’पासून हिरानींचे सहकारी असलेले अभिजात जोशी अमेरिकेत इंग्रजीचे अध्यापन करीत, गीतकार स्वानंद किरकिरे हे इंदूरचे मराठी गृहस्थ. या तीनही चित्रपटांस निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. एकाच दिग्दर्शकाच्या पहिल्या तीनही कृतींचा असा गौरव व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे 2014 साली ‘पीके’, 2018 साली ‘संजू’ आणि 2023 साली ‘डंकी’ असे आणखी तीन चित्रपट आले. वीस वर्षांत सहा, म्हणजे घाई नाही. ‘पीके’मध्ये परग्रहावरून आलेला एक प्राणी देवाच्या नावावर चालणाऱ्या व्यापाराविषयी भाबडे प्रश्न विचारतो, त्यावर वादही पुष्कळ झाला. ‘डंकी’ हा चोरवाटांनी परदेशी जाणाऱ्या गरिबांचा चित्रपट. निर्वासिताच्या मुलास घर सोडून जाणाऱ्यांची कथा सांगावीशी वाटली, याचे आम्हांस नवल वाटले नाही.

आता ज्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो ते सांगतो.

‘थ्री इडियट्स’ आम्ही चित्रपटगृहात पाहिला नव्हता. असले नाव असलेला चित्रपट पाहावा असे वाटले नाही. तो पाहावयास आम्हांस भाग पाडले ते एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आपल्याच ज्ञातीतील एका सुशील कुटुंबातला. त्याचे वडील आज हयात नाहीत, आणि त्याच्या अनुमतीने हे सांगतो आहो. हा मुलगा शाळेत असता गणेशोत्सवातील नाटुकल्यांचा प्राण असे. स्वतः लिहावे, स्वतः बसवावे, पुठ्ठ्याचा किल्ला स्वतः रंगवावा. दहावीनंतर त्यास नाट्यकलेचे शिक्षण घ्यावयाचे होते. वडील सल्ला विचारावयास आमच्याकडे आले. ओसरीवर बसून चहा झाला. आम्ही सांगितले, ‘मुलगा हुशार आहे. विज्ञान शाखेस घाला. आधी पदवी, मग नाटक.’ वडिलांचे समाधान झाले. मुलगा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही त्यास काही विचारले नाही.

तो अभियांत्रिकीस गेला. चार वर्षांचा अभ्यासक्रम सात वर्षे चालला आणि तरीही पुरा झाला नाही. मधल्या एका वर्षात त्याने आपल्या जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरा कळली; घरच्यांनी ती लपविली होती. ईश्वरकृपेने तो वाचला. आज एका दुकानात हिशेब लिहितो, संसार करतो, आमच्याशी आदराने वागतो. ‘थ्री इडियट्स’ निघाला त्या वर्षी तो संक्रांतीला तिळगूळ देण्यास आला आणि जाताना एवढेच म्हणाला, ‘गुरुजी, तो सिनेमा पाहा.’ आणखी एक शब्द बोलला नाही.

आम्ही पाहिला. त्यात फरहान नावाचा एक मुलगा आहे. त्याच्या जन्माच्या दिवशीच त्याने अभियंता व्हावे असे वडिलांनी ठरवून टाकलेले आहे. त्याचे मन रानावनातील प्राण्यांची छायाचित्रे काढण्यात गुंतलेले. अखेरीस तो वडिलांसमोर बसतो आणि मनातले सारे सांगतो. धमकी नाही, उद्धटपणा नाही. वडील आधी संतापतात, मग निःशब्द होतात, आणि शेवटी मुलास भेट देण्यासाठी आणलेला संगणक परत करून त्या पैशांत चांगला कॅमेरा येईल काय, असे विचारतात. हा प्रसंग पाहताना आम्हांस टायपिंगची संस्था चालविणारे ते सुरेश हिरानी आठवले. मुलाची छायाचित्रे काढवून घेणारा बाप आणि मुलासाठी कॅमेऱ्याची किंमत विचारणारा बाप, हे दोघे आम्हांस एकच वाटले. आणि मग आमची ओसरी आठवली.

त्याच चित्रपटात महाविद्यालयाचे एक कठोर प्राचार्य आहेत. लेखकाने त्यांस सहस्रबुद्धे हे आपले मराठी आडनाव दिले आहे. त्यांच्या मुलास साहित्य शिकावयाचे होते. त्यांनी त्यास अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसविले, पुन्हापुन्हा बसविले. त्या मुलाने आगगाडीखाली जीव दिला आणि बापास तो अपघात वाटत राहिला. प्रेक्षक या प्राचार्यास हसतात. आम्हांस त्यांत आमचा चेहरा दिसला. ते दुष्ट नव्हते. त्यांनी मुलास विचारले नव्हते, एवढेच.

ही केवळ चित्रपटातील गोष्ट असती तर आम्ही एवढा वेळ घेतला नसता. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत आपल्या महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येकाचे कारण परीक्षा हेच होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु दिवसाला पस्तीस मुले ही संख्या ऐकून ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे त्यांनी आज रात्री त्याच्या खोलीचे दार हलकेच उघडून आत डोकवावे, एवढे तरी वाटलेच पाहिजे.

हिरानींच्या चित्रपटांत दोष नाहीत असे नाही. ‘थ्री इडियट्स’मधील घोकंपट्टी करणाऱ्या मुलाची जी टवाळी केली आहे, विशेषतः शिक्षकदिनाच्या भाषणाचा प्रसंग, ती आम्हांस रुचली नाही. अत्याचाराचा शब्द विनोदासाठी वापरणे मुलींचा बाप असलेल्या कोणासही आवडणार नाही. आणि घोकणारा मुलगा हाही बिचारा त्याच व्यवस्थेचा बळी नव्हे काय? ‘संजू’मध्ये मित्राच्या चुकांवर पांघरूण घातले, असा आक्षेप अनेकांनी घेतला, तोही निराधार म्हणता येत नाही.

आमचा खरा आक्षेप याहून निराळा आहे. ‘थ्री इडियट्स’चा नायक माळ्याचा पोर, गणवेश चढवून कोणत्याही वर्गात जाऊन बसणारा, शिकण्यासाठी शिकणारा. फार सुंदर कल्पना. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करीत शिकण्याचा, म्हणजे नई तालीमचा जो विचार मांडला, तो नायकाच्या लडाखमधील शाळेत आम्हांस दिसला. पण शेवटी काय होते? तो जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ निघतो, शेकडो शोधांचे हक्क त्याच्या नावावर असतात, आणि घोकणारा मुलगा त्याच्यापुढे हात जोडतो. म्हणजे पुन्हा यशच जिंकले! आवडीचे काम केले की कीर्ती आणि पैसा मागून येतोच, असे मुलांस सांगणे हे एक नवे असत्य होय. प्रत्येक नाटकवेडा मुलगा राजकुमार हिरानी होणार नाही. बहुतेक होणार नाहीत. आमचा तो विद्यार्थी नाट्यशाळेत गेला असता तर कदाचित आजही कोठे तरी हिशेबच लिहीत असता. पण संध्याकाळी एखादे नाटुकले बसवीत असता, आणि ती सात वर्षे त्याच्या आयुष्यात आली नसती.

म्हणून आम्हांस पहिल्या मुन्नाभाईचा शेवट अधिक खरा वाटतो. तेथे नायकास पदवी मिळत नाही, आणि तरीही बाप त्यास पोटाशी धरतो. मुलगा यशस्वी झाला म्हणून त्यास मान्य करणे सोपे आहे. मुंबईहून तीन दिवसांत हात हलवीत परत आलेल्या मुलास पुन्हा एकदा वाट दाखविणे कठीण आहे. सुरेश हिरानींस त्या दिवशी काय ठाऊक होते की, या मुलाचे चित्रपट पुढे देशभर लागणार आहेत? काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा मोठेपणा त्या न ठाऊक असण्यात आहे. राजकुमार हिरानींचा वारसा कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही त्यांच्या चित्रपटांच्या उत्पन्नाचे आकडे सांगणार नाही. हार खाऊन आलेल्या मुलास दार उघडे ठेवणारे घर, हाच त्यांच्या चित्रपटांचा विषय आहे आणि हाच त्यांचा वारसा आहे, असे सांगू.

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवून आम्ही आपले भाषण आटोपते घेतो. आज या व्यासपीठावर ज्यांस शतकी उंबरठ्यावरील गुणांबद्दल पारितोषिके मिळाली, त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. त्यांचे परिश्रम खरे आहेत. पहिली सूचना अशी की, पुढील वर्षापासून एक पारितोषिक गुणपत्रिकेवाचून द्यावे : चित्र, गायन, नाट्य, शिवणकाम, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, शेतीतील प्रयोग, ज्यात ज्या मुलाने मन घालून काही केले असेल त्यास. त्याची पहिली रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देतो. दुसरी सूचना अशी की, दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी मंडळाने पालक आणि मुले यांची एकत्र बैठक घ्यावी, आणि तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांस आग्रहाने बोलवावे. गुणगौरवास ती येत नाहीत. आज या सभागृहात ती नाहीत. आपापल्या घरी बसून आहेत. पुण्याची इन्स्टिट्यूट सुरेश हिरानींस ठाऊक होती म्हणून मुलाची वाट निघाली. अशा किती वाटा आपणांस ठाऊक नसतात! त्या वाटांची माहिती देणारी माणसे आपल्या ज्ञातीत आहेत. त्यांस त्या बैठकीस बोलवावे. तिसरी सूचना आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. कोणी मुलाविषयी सल्ला मागावयास आले तर उत्तर देण्यापूर्वी दाराशी उभ्या असलेल्या मुलास आत बोलवावे, आपल्याजवळ बसवावे, आणि आधी त्यास विचारावे.

आम्ही ते केले नाही. आपण करावे.